शून्य, तीन, आठ आणि सहा

अच्युतराव मानकरांचा आयुष्यात एकच शोधनिबंध छापून आला. सात पानांचा, अठ्ठ्याऐंशी साली, एका लहानशा गणित मंडळाच्या इंग्रजी त्रैमासिकात. त्याच्या पन्नास सुट्या प्रती त्यांना टपालाने आल्या आणि त्यातल्या चाळीस त्यांनी नातेवाइकांत वाटल्या. मानकरांच्या घराण्यात सॉलिसिटर होते, डॉक्टर होते, एक काका पोर्ट ट्रस्टमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. परळच्या कॉलेजात गणित शिकवणारे अच्युतराव एकटेच. लग्नामुंजीत थोरले भाऊ रघुवीर त्यांची ओळख करून देत, "हा आमचा अच्युत. ह्याच्या नावावर सिद्धांत आहे बरं का, छापलेला." समोरचा "अरे वा" म्हणे आणि कोलंबीचं भुजणं संपायच्या आत पंगतीकडे वळे. पण तेवढ्या "अरे वा"वर अच्युतराव पुढचा महिना काढत.

गिरगावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते, पत्नी सरोजिनी आणि एकुलती एक मुलगी रुचा. सरोजिनीबाई महापालिकेच्या भायखळ्याच्या कार्यालयात कारकून होत्या, त्यामुळे संध्याकाळी रुचाचा अभ्यास घ्यायचं काम अच्युतरावांकडे. काम कसलं, त्यांच्या दिवसातला तोच एक चांगला तास. कॉलेजात साठ मुलांपैकी पाच जण ऐकत. इथे एकच मुलगी, पण ती कान टवकारून बसायची.

ती पंधरा वर्षांची असताना त्यांनी तिला त्यांची सगळ्यात आवडती सिद्धता सांगितली. पाठकोऱ्या कागदावर दोन टिंबं काढली.

"एक वक्र आहे. ह्या दोन ठिकाणी त्याची उंची किती ते मी तुला सांगितलं. शिवाय तिथे तो किती चढतोय किंवा उतरतोय, तेही सांगितलं. म्हणजे झाल्या चार गोष्टी. आता सांग, तीन घातापर्यंतच्या बहुपदीचे असे वक्र किती?"

"पुष्कळ असतील."

"एकच."

"कशावरून?"

"तू सांग. दोन आहेत असं धरून चाल."

रुचाने पेन्सिल चावली. मग हळूहळू म्हणाली, "दोन असले तर एकातून दुसरा वजा करते. दोन्ही ठिकाणी उंची सारखीच, म्हणजे तिथे वजाबाकी शून्य. चढही सारखाच, म्हणजे... वजाबाकीचा वक्र तिथे शून्याच्या रेषेला टेकतो. कापून सरळ जात नाही."

"असं टेकलेलं मूळ दोनदा मोजायचं."

"मग दोन इथली, दोन तिथली. चार मुळं." आणि ती खुर्ची मागे ढकलून उठलीच. "पण तीन घाताला मुळं तीनच असतात! चौथं मावणारच नाही!"

"मग?"

"मग वजाबाकी सगळीकडेच शून्य. म्हणजे दोन नव्हतेच, बाबा. एकच होता!"

स्वयंपाकघरातून सरोजिनीबाईंनी डोकावून बघितलं, काय पडलं म्हणून. रुचा कागद हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "हे आता कुणी बदलू शकत नाही ना? कितीही मोठा माणूस आला तरी?"

"कुणीही नाही," अच्युतराव म्हणाले. पोरीला आपलं वेड लागलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते पाणी प्यायला उठले.

त्यांचा स्वतःचा सिद्धांत ह्याच रस्त्यावर जरा पुढे होता. प्रत्येक ठिकाणी उंची आणि चढ दोन्ही माहीत असले तर मुळांची मोजणी चोख बसते. पण एखाद्या ठिकाणी नुसता चढच माहीत असेल, उंची नसेल, तर मोजणी लंगडी पडते आणि एकाऐवजी अनेक वक्र बसू शकतात. अच्युतरावांनी दावा केला होता की ठिकाणं पूर्णांकी असली तर ही भीती नाही: तीन ठिकाणची उंची आणि चौथ्या ठिकाणचा नुसता चढ एवढं दिलं, की तीन घातापर्यंतचा वक्र एकच. शून्य ते सातपर्यंतची सगळी ठिकाणं त्यांनी स्वतः हाताने तपासली होती, तेव्हा महिनाभर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ते चहासुद्धा विसरत. तीन ठिकाणं सारख्या अंतरावर असतानाची सिद्धता त्यांनी पानभर लिहिली होती आणि ती बिनचूक होती. असमान अंतरांसाठी मात्र त्यांनी एकच ओळ लिहिली: "त्याचप्रमाणे हेही दाखवता येते." परीक्षकांनी काही विचारलं नाही. पुढची चार पानं त्या ओळीवर उभी होती.

रुचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली ते साल दोन हजार सहा. प्रकल्पासाठी तिने विषय घेतला तो वडिलांचाच निबंध. तिच्या कॉलेजातल्या बाईही खूश झाल्या. पुढे एम.एस्सी., मग पीएच.डी. असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच सुमारास अच्युतरावांच्या कॉलेजात रीडरच्या, म्हणजे बढतीच्या, जागेची मुलाखत लागली होती. ते पंचावन्न वर्षांचे होते, दोनदा डावलले गेले होते. अर्जात "संशोधन" ह्या रकान्यात एकच ओळ होती.

मुलाखतीच्या चार दिवस आधी, संध्याकाळच्या चहाला, रुचा वही घेऊन समोर बसली.

"बाबा, माझंच काहीतरी चुकतंय. पण कुठे ते सापडत नाहीये."

"दाखव."

"तीन ठिकाणं घेतली. शून्य, तीन आणि आठ. तिन्हीकडे उंची शून्य. आणि सहावर चढ शून्य. आता शून्याची सरळ रेषा तर ह्यात बसतेच. पण हा वक्रसुद्धा बसतो." तिने लिहिलं होतं: एक्स, गुणिले एक्स उणे तीन, गुणिले एक्स उणे आठ. "शून्य, तीन, आठवर हा शून्य होतोच. सहावरचा चढ काढला. तीन पदं येतात. अठरा, उणे बारा, उणे सहा."

अच्युतरावांच्या हातात बशी होती. अठरा उणे बारा उणे सहा. असली बेरीज करायला त्यांना डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळही लागत नसे, आणि लागला नाही. शून्य. म्हणजे दोन वक्र. म्हणजे हव्या त्या आकड्याने गुणून असे कितीही वक्र. सातपर्यंत तपासलं होतं, आणि आठवर मोडलं होतं.

त्यांनी बशी खाली ठेवली. वही जवळ ओढलीसुद्धा नाही.

"चढ काढताना चूक केलीस."

"मी आठ वेळा काढला, बाबा."

"मग आठ वेळा चूक केलीस. अठरा वर्षं हा निबंध छापून पडलाय, मोठमोठ्या लोकांनी वाचलाय. तुला एका दुपारी त्यात भोक दिसलं?"

"म्हणूनच तर विचारतेय. चूक कुठे आहे तेवढं दाखवा ना."

ती भांडत नव्हती. तिला खरोखरच हवं होतं ते. अच्युतरावांना नंतर वाटत राहिलं, की ती जरा उद्धटपणे बोलली असती तर आपल्याकडून दुसरं काहीतरी घडलं असतं.

ते म्हणाले, "हे प्रत्येकाला जमतंच असं नाही, रुचा." आणि चप्पल घालून खाली उतरले. चौपाटीपर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले.

चार दिवसांनी मुलाखत झाली. त्यांना जागा मिळाली. रघुवीरने पेढे वाटले.

रुचाने प्रकल्पाचा विषय बदलला. दुसरा वर्ग मिळाला. एम.एस्सी.चा अर्ज तिने भरलाच नाही; मनुष्यबळ व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि परळमधल्या एका विमा कंपनीच्या कार्यालयात लागली. अजितशी लग्न झालं, प्रभादेवीला घर केलं. बापलेकींत अबोला असा कधी आला नाही. ती दर रविवारी यायची, औषधांची चौकशी करायची, गणपतीत आरतीला उभी राहायची. फक्त कुणी काही आकड्यांचं विचारलं की हसून म्हणायची, "मला नका विचारू, माझं गणित कच्चं आहे." अच्युतराव तेव्हा वर्तमानपत्र उघडत.

त्या संध्याकाळचं त्यांनी स्वतःशीच एक निराळं चित्र तयार केलं होतं. आपण घाईत होतो, मुलाखतीच्या काळजीत होतो, वही नीट पाहिलीच नाही. हे चित्र इतक्या वेळा मनात फिरवलं, की ते बऱ्यापैकी खरं वाटू लागलं होतं. निवृत्त झाले, सत्तरी ओलांडली. निबंध पुन्हा कधी उघडला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दुपारी त्यांना फोन आला. हेरंब दामले नावाचा रत्नागिरीच्या कॉलेजातला तरुण प्राध्यापक. अच्युतरावांच्या निबंधावर पुढचं काम करून पीएच.डी. करत होता. जुन्या कॉलेजातून त्याने नंबर मिळवला होता. आवाजात इतका आदर होता की अच्युतराव खुर्चीत नीट सावरून बसले.

"सर, दोन वर्षं तुमच्याच निबंधात आहे मी. एकाच ठिकाणी अडलोय. असमान अंतरांच्या जागी तुम्ही 'त्याचप्रमाणे' म्हटलंय. ती पायरी मला भरता येत नाहीये. माझंच काहीतरी चुकत असणार, सर. तुम्ही जरा दाखवाल का?"

अच्युतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. तीच वाक्यं. एकोणीस वर्षांनी, परक्या मुलाच्या तोंडून. त्यांनी इतकी वर्षं जपलेलं ते घाईचं चित्र एकदम विरून गेलं आणि खाली जे होतं ते दिसलं: हातातली बशी, अठरा, बारा, सहा, आणि आपल्याला कळलेलं.

"तुमचं चुकत नाहीये," ते म्हणाले. "ती पायरी भरता येणार नाही. सिद्धांत खोटा आहे."

"काय, सर?"

"लिहून घ्या. शून्य, तीन, आठ. आणि चढ सहावर."

कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग हेरंब अगदी हळू म्हणाला, "हो, सर." त्याच्या दोन वर्षांचं काय झालं हे दोघांनाही कळलं होतं. तरी त्याने विचारलं, "हे तुम्हाला कधी सापडलं, सर?"

"मला नाही सापडलं. एका मुलीला सापडलं. दोन हजार सहा साली."

"मग त्यांनी कुठे छापलं नाही?"

"मी छापू दिलं नाही," अच्युतराव म्हणाले. "दोनेक दिवसांत फोन करतो तुम्हाला."

सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गणित त्यांना कळत नव्हतं, पण साल कळलं होतं.

"रुचाचं ते गणित?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतं."

"आणि तुम्हाला आज कळलं?"

अच्युतरावांनी मान हलवली. "तेव्हाच कळलं होतं."

सरोजिनीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. कितीतरी वेळ त्या हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत आणि मोडत राहिल्या.

"महिनाभर ती रोज तेच करत होती, तुम्ही कॉलेजात गेलात की. वही संपली तर कॅलेंडरच्या मागे. मला म्हणायची, आई, माझं दरवेळी बरोबरच येतं, मग बाबांना जे दिसतं ते मला का दिसत नाही? मला काय समजणार त्यातलं." त्यांचा आवाज फुटला. "मी सांगितलं तिला, बाबा म्हणतात तर असेल चूक, सोड आता. मी सांगितलं, अहो. मी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजिनीबाईंनी चहा ठेवला, एकच कप, आणि देवळात निघून गेल्या.

रविवारी रुचा यायची वाट न बघता शनिवारीच अच्युतराव टॅक्सीने प्रभादेवीला गेले. अजित बाहेर गेला होता. रुचा कपाट आवरत होती; केस वर बांधलेले, कानाजवळ चारदोन पांढरे. एकोणचाळीस वर्षांची झाली होती. वडिलांना एकटं दारात पाहून ती घाबरली.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मला तुला काही सांगायचंय. कागद आहे का?"

तिने फ्रिजवरचं सामानाच्या यादीचं पॅड दिलं. त्यांनी लिहिलं: शून्य, तीन, आठ, सहा. आणि तिच्यापुढे सरकवलं.

रुचाने बघितलं. "काय आहे हे?"

"आठवत नाही तुला?"

"नाही. फोन नंबर आहे का कुणाचा?"

अच्युतरावांनी मनात शंभर प्रकारे ह्या भेटीची तयारी केली होती. ती ओरडेल, रडेल, उठून जाईल. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. त्यांनी त्याखाली तो वक्र लिहिला. एक्स, एक्स उणे तीन, एक्स उणे आठ. मग तिचा चेहरा बदलला, पण फार थोडा, दूरच्या नात्यातलं कुणी ओळखल्यासारखा.

"अच्छा. ते माझं प्रोजेक्टचं. जे चुकलं होतं."

"सहावरचा चढ काढ."

"बाबा, मला आता येत नाही हो. विसरले सगळं. कसं काढायचं असतं?"

त्यांनी सांगितलं. एकेक अवयव सोडून उरलेल्या दोघांचा गुणाकार, आणि तिन्हींची बेरीज. पूर्वी ती हे बोलता बोलता करायची. आता ती बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक संख्या मांडत होती. सहा वजा तीन, तीन. सहा वजा आठ, उणे दोन. तीन दुणे सहा, उणे. मग सहा दुणे बारा, उणे. मग सहा त्रिक अठरा. अच्युतराव तिच्या बोटाकडे बघत होते आणि त्यांना ते बघवत नव्हतं.

"शून्य आलं," रुचा म्हणाली.

"हो."

"म्हणजे बरोबर होतं."

"पहिल्यापासून. आणि रुचा, मी तेव्हा पाहिलं होतं. तू वाचून दाखवलंस तेव्हाच मला कळलं होतं."

ती पॅडकडेच बघत राहिली. खाली रस्त्यावर सिद्धिविनायकाच्या रांगेतल्या माणसांना कुणीतरी हाका मारत होतं.

"मला वाटायचं," ती शेवटी म्हणाली, "की गणितात असं काहीतरी असतं, जे खऱ्या हुशार माणसांना दिसतं आणि आपल्याला नाही. म्हणजे पायऱ्या सगळ्या बरोबर, तरी उत्तर चूक. कुठल्याच पायरीवर मग माझा भरवसा बसेना. साधी बेरीज केली तरी वाटायचं, हीसुद्धा तशीच असेल." ती थांबली. "ऑफिसात मी अजून प्रत्येक तक्ता दुसऱ्याला तपासायला देते, बाबा. माझे बरोबर असतात. तरी देते."

"माझी चूक झाली" हे वाक्य अच्युतरावांनी टॅक्सीत किती वेळा म्हणून पाहिलं होतं. आता ते तोंडात आलं तेव्हा इतकं तोकडं वाटलं की त्यांनी ते अर्ध्यावरच सोडलं.

"तुम्ही 'चुकलं' म्हणालात त्याचं मला एवढं नाही," रुचा म्हणाली. "तुम्ही मला त्या टेबलावर शिकवलं होतं ना, की हे कुणी बदलू शकत नाही. मी ते खरं मानलं होतं."

मग ती उठली. त्यांना पाणी दिलं, टॅक्सी बोलावली, लिफ्टपर्यंत आली. जिना उतरू नका, गुडघा दुखेल म्हणाली. लिफ्टचं दार लागताना तिने एवढंच म्हटलं, "उद्या मी येत नाही. आईला पाठवा इकडे."

ते त्रैमासिक केव्हाच बंद पडलं होतं, त्यामुळे दुरुस्ती छापायला जागाच नव्हती. हेरंबने फोनवर सुचवलं की आपणच एक छोटं टिपण लिहितो: सिद्धांत कुठे मोडतो, का मोडतो, आणि काय शिल्लक राहतं. त्याच्या दोन वर्षांतलं तेवढंच वाचवण्यासारखं होतं. प्रतिउदाहरण कुणाचं, ते पहिल्याच ओळीत यायला हवं, असं तो स्वतःहून म्हणाला. अच्युतरावांना बरं वाटलं. त्यांनी सरोजिनीबाईंच्या हाती रुचाला चिठ्ठी पाठवली: नाव छापलं तर चालेल का?

सरोजिनीबाई आता दर रविवारी एकट्याच प्रभादेवीला जात. जाताना अच्युतरावांचं जेवण झाकून ठेवत. त्या रविवारी परत आल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि उत्तर सांगितलं.

दोन दिवसांनी हेरंबने टिपणाचा मसुदा वाचून दाखवला. पहिल्या ओळीत त्याने आदराने पूर्ण नाव घातलं होतं: पुढील उदाहरण रुचा अच्युत मानकर यांचे आहे.

"बाकी सगळं ठीक आहे," अच्युतराव म्हणाले. "फक्त रुचा मानकर लिहा. मधलं नाव काढा."

"वडिलांचं नाव काढू, सर?" हेरंबला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "तुमचं?"

"हो. तिने तसं सांगितलंय."

पलीकडे हेरंबने ओळ दुरुस्त केली आणि पुन्हा वाचून दाखवली. अच्युतरावांनी ती शेवटपर्यंत ऐकली, बरोबर आहे म्हणाले, आणि फोन ठेवला.